मधुमेह : उपाशीपोटीची साखर ठीक, तरी तीन महिन्यांचा अहवाल का बिघडतो?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर केलेल्या मधुमेहविषयक सर्वेक्षणाचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा एका नकोशा यादीत गोव्याचे नाव सर्वांत वर होते. प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण देशात सरासरी ११.४ टक्के आढळले. गोव्यात ते २६.४ टक्के निघाले. पुदुच्चेरी २६.३ आणि केरळ २५.५ टक्क्यांवर होते, तर उत्तर प्रदेशात हेच प्रमाण ४.८ टक्के होते. थोडक्यात, गोमंतकातील दर चार प्रौढांमागे एकाहून थोड्या अधिक माणसांना हा विकार आहे. हे असे का झाले याची चर्चा त्या वेळी पुष्कळ झाली. ज्यांना मधुमेह आधीच जडला आहे, त्यांनी रोजच्या रोज काय करावे याची चर्चा मात्र त्या मानाने कमीच झाली. हा लेख त्यांच्यासाठी आहे. यातील विवेचन मुख्यतः प्रौढ वयात होणाऱ्या टाइप २ मधुमेहाचे आहे. टाइप १ मधुमेह आणि गरोदरपणातील मधुमेह यांचे नियम बरेच वेगळे असून त्यांची गल्लत करू नये.

अनेक घरांत दिसणारे एक दृश्य आधी डोळ्यांसमोर आणू. घरातील वडीलधारी व्यक्ती दर महिन्याला सकाळी उपाशीपोटी रक्त तपासून घेते. आकडा ११५ ते १२० च्या आसपास येतो. 'साखर ताब्यात आहे' असे समाधान व्यक्त होते. मग कधीतरी डॉक्टर 'तीन महिन्यांची साखर' म्हणून ओळखली जाणारी एचबीए१सी चाचणी सांगतात आणि ती ७.९ येते. रुग्णाला वाटते, प्रयोगशाळेची चूक झाली. डॉक्टरांना वाटते, रुग्ण पथ्य पाळत नाही. बहुतेक वेळा दोघांचाही तर्क अपुरा असतो. दोन्ही आकडे खरे असतात. ते दिवसातील वेगवेगळ्या तासांविषयी बोलत असतात, एवढेच.

दोन आकड्यांमधील अंतर

एचबीए१सी म्हणजे साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण. तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. तेवढ्या काळात रक्तातील साखर जितकी अधिक, तितकी ती हिमोग्लोबिनला अधिक चिकटते. त्यामुळे ही चाचणी गेल्या दोन-तीन महिन्यांतील रात्रंदिवसाची सरासरी सांगते. एचबीए१सी ७ असेल तर सरासरी साखर सुमारे १५४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर मानली जाते; ८ असेल तर १८३ आणि ९ असेल तर २१२. म्हणजे वर उल्लेखलेल्या व्यक्तीची सरासरी साखर १८० च्या घरात आहे. सकाळी सातला ती ११८ असेल, तर उरलेल्या दिवसात केव्हातरी ती २००-२२० पर्यंत जात असणार हे साध्या हिशेबाने कळते.

फ्रान्समधील संशोधक लुई मोनिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये २९० रुग्णांच्या अभ्यासातून या हिशेबाचा एक फार उपयोगी नियम मांडला. ज्यांची एचबीए१सी १० च्या वर होती, त्यांच्या वाढीव साखरेत मोठा वाटा उपाशीपोटीच्या साखरेचा होता. ज्यांची ७.३ हून कमी होती, त्यांच्यात सुमारे ७० टक्के वाटा जेवणानंतरच्या साखरेचा होता. व्यवहारात याचा अर्थ असा की, साखर फारच बिघडलेली असेल तर आधी रात्रीची आणि सकाळची साखर खाली आणावी लागते आणि ते काम बहुधा औषधांचे असते. परंतु गाडी साडेसात-आठच्या आसपास येऊन अडकली असेल, तर आता लक्ष जेवणाकडे वळवायला हवे. आपल्याकडील कित्येक रुग्ण नेमके याच टप्प्यावर वर्षानुवर्षे अडकलेले असतात आणि तरीही दर महिन्याला केवळ उपाशीपोटीचे रक्त देत राहतात.

सामान्यतः प्रौढ रुग्णासाठी उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८० हून कमी आणि एचबीए१सी ७ च्या खाली हे उद्दिष्ट धरले जाते. वयोवृद्ध, हृदयविकार असलेल्या किंवा साखर वारंवार एकदम खाली जाणाऱ्या रुग्णांसाठी डॉक्टर ते ८ पर्यंत सैल करतात. यात ढिलाई नाही. अमेरिका व कॅनडामध्ये दहा हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या 'अकॉर्ड' अभ्यासात एचबीए१सी ६ च्या खाली आणण्याचा आक्रमक प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू अधिक झाल्याचे दिसल्यामुळे २००८ मध्ये तो उपचार मुदतीआधीच थांबवावा लागला. साखर जितकी कमी तितकी चांगली, हे गणित खरे नाही.

दुसऱ्या बाजूने, नियंत्रणाचा लाभ खरोखरच मोठा आहे याचाही पुरावा भक्कम आहे. ब्रिटनमधील 'यूकेपीडीएस' या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. एचबीए१सी ७.९ ऐवजी ७ राखणाऱ्या गटात डोळे, मूत्रपिंड आदी सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार एकचतुर्थांशाने घटले. पुढे दहा वर्षांनी पाहिले, तेव्हा दोन्ही गटांची साखर सारखी झाली होती, तरी सुरुवातीची वर्षे सांभाळणाऱ्यांचा लाभ टिकून होता. मधुमेहाचे निदान नुकतेच झालेल्या चाळिशीतील वाचकांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. 'अजून त्रास काही नाही, बघू पुढे' असे म्हणण्याची ती वर्षे नव्हेत.

एचबीए१सी चाचणीलाही मर्यादा आहेत. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या पंडुरोगात ती खोटी वाढलेली दिसू शकते. अलीकडे रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवले असेल, तर खोटी घटलेली दिसू शकते. घरच्या नोंदी आणि हा आकडा यांचा मेळच बसत नसेल, तर हिमोग्लोबिन तपासून घेणे शहाणपणाचे.

जोडीची तपासणी

घरी ग्लुकोमीटर असलेल्यांची संख्या आता मोठी आहे. त्याचा उपयोग मात्र बहुतेक जण थर्मामीटरसारखा करतात : शंका आली की बोट टोचायचे, आकडा पाहायचा, सुटकेचा किंवा चिंतेचा उसासा टाकायचा आणि यंत्र कपाटात ठेवून द्यायचे. खरी उपयोगी असते ती जोडीची तपासणी. एक मोजमाप जेवणाआधी आणि दुसरे जेवणानंतर दोन तासांनी. हे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नव्हे. दुपारचे जेवण गप्पांत पाऊण तास चालणाऱ्या घरांत या एका चुकीने आकडा बराच फिरतो.

रोज सात वेळा बोट टोचण्याची गरज नाही. सोमवारी न्याहारीच्या आधी व नंतर, बुधवारी दुपारच्या जेवणाच्या, शुक्रवारी रात्रीच्या, असा पंधरवडा केला तरी कोणते जेवण गुन्हेगार आहे ते पुरते उघड होते. आकड्यासमोर काय खाल्ले, किती खाल्ले आणि औषध किती वाजता घेतले हे एका ओळीत लिहावे. माझ्या घरातील एका वहीत 'दुपारी जेवण साधेच' अशी नोंद सलग तीन आठवडे आहे आणि समोर २३० च्या पुढचे आकडे आहेत. त्या 'साधेच' शब्दात किती भात दडला होता, हे वाटीने मोजायला लागल्यावर समजले.

जेवणाआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांत ४०-५० चा फरक असेल तर ते जेवण शरीराला झेपले असे ढोबळमानाने समजावे. फरक शंभराच्या घरात असेल तर त्या ताटात काहीतरी बदलायला हवे.

मोजमापाच्या बारीकसारीक गोष्टींना महत्त्व आहे. फळ कापल्यावर हात न धुता बोट टोचले तर आकडा खोटा वाढतो. सॅनिटायझरपेक्षा साबण-पाणी बरे आणि हात कोरडा हवा. चाचणीपट्ट्यांना ओल सोसत नाही. आपल्या पावसाळ्यात डबीचे झाकण सैल राहिले तर पट्ट्या मुदतीआधीच बिघडतात. शिवाय, चांगल्या यंत्रालाही १०० च्या वरच्या आकड्यांत पंधरा टक्क्यांची सूट मान्य आहे. यंत्र १८० दाखवते तेव्हा खरी साखर १५३ ते २०७ यांपैकी कुठेही असू शकते. तेव्हा काल १६० आणि आज १७२ यावरून घरात खल करण्याचे कारण नाही. पाहायचा असतो तो कल.

प्रयोगशाळेत जेवणानंतरची तपासणी करताना काही जण त्या दिवशी गोळी टाळतात, काही जण मुद्दाम दोन बिस्किटेच खातात. काही तर तपासणीआधी चार दिवस कडक पथ्य पाळतात. आपल्या रोजच्या औषधावर आणि रोजच्या जेवणावर शरीर काय करते हे पाहण्यासाठीच ती चाचणी असते. तिला फसवून उपचार चुकतो तो आपलाच.

भात, पोळी आणि ताटातील क्रम

गोमंतकीय माणसाला 'भात सोडा' सांगणे सोपे, पण ते पाळले जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. भात सोडण्याची गरजही बहुधा नसते. गरज असते ती मोजण्याची. शिजवलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदके असतात. हुमणासोबत सहज वाढला जाणारा भात ३०० ग्रॅम भरतो. म्हणजे सुमारे ८४ ग्रॅम कर्बोदके, वजनाने सोळा-सतरा चहाचे चमचे साखरेइतकी. आता ज्यांनी भात सोडून चार पोळ्या धरल्या, त्यांचा हिशेब पाहू. ३० ग्रॅम पिठाच्या एका पोळीत २० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. चार पोळ्यांत ८०. त्यागाचे समाधान मिळाले, साखर होती तिथेच राहिली. दोन पोळ्या खाऊन वर 'चवीपुरता' भात घेणाऱ्यांचे गणित आणखी वेगळे सांगायला नको.

उकड्या तांदळाचा भात पांढऱ्या, पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा थोडा हळू पचतो, हे खरे. पण 'उकडा चालतो' हे वाक्य आपल्याकडे 'उकडा कितीही चालतो' असे ऐकले जाते. पेजेची गोष्टही तशीच. पेजेत पाणी अधिक म्हणून भात कमी, ही तिची जमेची बाजू. पण दाणा शिजून फुटलेला असल्याने तिच्यातील साखर रक्तात लवकर उतरते. पेज घ्यायची तर वाटीभर घ्यावी आणि सोबत नुसते लोणचे न घेता मूग, चवळी किंवा अलसांद्याचे तोणाक घ्यावे. नाचणीचे सत्त्व दुधात शिजवून 'मधुमेहाचे पेय' म्हणून पिणाऱ्यांनीही जोडीची तपासणी एकदा करून पाहावी. नाचणीची भाकरी आणि नाचणीचे गाळलेले सत्त्व यांत कोंड्याचा फरक आहे. पोईचेही तेच. कोंड्याची पोई आणि पोईच्या आकाराचा मैद्याचा पाव या दोन भिन्न वस्तू आहेत. पोदेराला एकदा विचारून घ्यावे.

ताटातील पदार्थ कोणत्या क्रमाने खाल्ले जातात याचाही परिणाम होतो. न्यूयॉर्कमधील संशोधकांनी २०१५ मध्ये अकरा रुग्णांवर एक छोटा प्रयोग केला. तेच जेवण, तेवढेच. फक्त एकदा पाव आणि फळांचा रस आधी, दुसऱ्यांदा भाजी आणि कोंबडी आधी. भाजी व प्रथिने आधी खाल्ली तेव्हा तासाभरानंतरची साखर ३७ टक्क्यांनी कमी भरली. अकरा जणांवरून जगाचा नियम करता येत नाही, पण नंतरच्या अभ्यासांचा कल तोच आहे आणि हा प्रयोग करून पाहायला पैसाही लागत नाही. आपल्या ताटात हे सहज जमते. आधी काकडी-टोमॅटो किंवा तांबड्या भाजीची वाटी, मग मासळी, अंडे किंवा कडधान्य, आणि शेवटी भात. पोट अर्धे भरलेले असल्याने भात आपोआप कमी जातो, हा त्यातला खरा फायदा असावा असे मला वाटते. मासळी ही किनारपट्टीवरच्या माणसाला मिळालेली मोठी सोय आहे. ती रव्यात घोळवून तेलात तळण्याऐवजी हुमणात किंवा तव्यावर थोड्या तेलात केली तर उत्तमच.

गुळाविषयी एक वाक्य पुरे : ऊसाचा असो वा माडाचा, बहुतांशी ती साखरच आहे. मधही त्याच पंक्तीतला. कोकमाचे आगळ निर्धोक, पण बाटलीतले गोड कोकम सरबत नव्हे. मानकुराद आंबा वर्ज्य नाही. जेवणानंतर भातावर भात म्हणून तो खाल्ला तर त्रास देतो. अर्धा आंबा खायचा असेल त्या दिवशी तेवढा भात वजा करावा. कारली, जांभळाच्या बिया, मेथी यांचा साखरेवर थोडाफार परिणाम होतो, मेथीबाबत काही अभ्यासही आहेत. परंतु त्यांच्या भरवशावर गोळ्या बंद करून महिन्याभराने साखर ४०० करून घेतलेले रुग्ण कोणत्याही आरोग्य केंद्रातील डॉक्टर सांगू शकतील. खायचे तर भाजी म्हणून खावे.

जेवणानंतरची दहा मिनिटे

हालचाल करणारा स्नायू रक्तातील साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही आत ओढून घेऊ शकतो. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरासाठी हे मागचे दार आहे. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात २०१६ मध्ये ४१ रुग्णांवर तुलना झाली : दिवसातून केव्हाही एकदा ३० मिनिटे चालणे आणि प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटे चालणे. एकूण वेळ सारखाच. जेवणानंतर चालणाऱ्यांची जेवणोत्तर साखर १२ टक्क्यांनी कमी भरली आणि रात्रीच्या जेवणानंतर तर हा फरक २२ टक्के होता.

सकाळचा फेरफटका सोडावा असे यातून सुचवायचे नाही. तो हृदयासाठी, वजनासाठी, मनासाठी हवाच. पण पहाटे मैदानाला पाच फेऱ्या मारून दुपारी जेवल्यावर दोन तास आडवे होणाऱ्यांनी या दहा मिनिटांचा विचार करावा. दुपारची झोप हा आपल्याकडे जवळजवळ सांस्कृतिक ठेवा आहे, हे मान्य. दहा मिनिटे चालून मग आडवे व्हावे. पावसात बाहेर पडता येत नसेल तर बलकांवात किंवा घरातल्या घरात येरझाऱ्या चालतात. भांडी आवरणे, अंगण झाडणे हीही हालचालच. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करणे यासारखे ताकदीचे व्यायाम जोडले तर मांड्यांचे मोठे स्नायू टिकतात, आणि साखर साठवायला जागा तिथेच असते. दृष्टिपटलाचा विकार वाढलेल्यांनी किंवा छातीत दुखणाऱ्यांनी जड व्यायामाआधी डॉक्टरांना विचारावे.

रात्री उशिरा जेवण्याची किंमत वेगळी मोजावी लागते. तेच जेवण सकाळपेक्षा रात्री साखर अधिक वाढवते, कारण संध्याकाळनंतर शरीराची इन्सुलिनला मिळणारी साथ कमी होते. वृत्तपत्राच्या रात्रपाळीत अकरा वाजता भजी-पाव खाणाऱ्या माणसाने हे लिहावे यात थोडा विरोधाभास आहे, पण म्हणून ते खोटे ठरत नाही. पाळीत काम करणाऱ्यांनी निदान मुख्य जेवण आठच्या आत उरकून रात्री थोडे शेंगदाणे, ताक, उकडलेले अंडे यांवर भागवावे. रात्री कमी जेवूनही सकाळचा आकडा वाढलेला दिसत असेल तर घाबरू नये. पहाटे शरीरातील काही संप्रेरके वाढतात आणि त्यांच्या सांगण्यावरून यकृत साखर रक्तात सोडते. हा पथ्याचा दोष नसून औषधाच्या वेळेचा प्रश्न असू शकतो.

वजनाचा मुद्दा इथेच सांगून टाकू. ब्रिटनमधील 'डायरेक्ट' अभ्यासात सहा वर्षांच्या आतील मधुमेह असलेल्यांना वैद्यकीय देखरेखीखाली काही महिने अत्यल्प उष्मांकांचा आहार दिला गेला. वर्षअखेर ४६ टक्के रुग्णांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली आली. १५ किलो वा अधिक वजन घटवणाऱ्यांत हे प्रमाण ८६ टक्के होते. हे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. तो आहार घरी मनाने करण्याचा नव्हे. पण निदान ताजे असेल आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे असेल, तर वजन घटवण्याइतके दुसरे कोणतेही पथ्य फळत नाही.

गोळी केव्हा, इन्सुलिन कुठे

औषध तेच, डोस तोच, पण वेळ चुकल्याने परिणाम निम्मा, असे वारंवार घडते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी जेवणाच्या थोडी आधी घ्यायची असते, आणि ती घेतल्यावर जेवण चुकवायचे नसते. व्होग्लिबोस किंवा अकार्बोस ही गोळी पहिल्या घासासोबत घ्यायची. जेवण संपल्यावर घेतली तर तिचे काम उरत नाही, कारण ती आतड्यात पिष्टाचे विघटन लांबवते. मेटफॉर्मिन जेवणासोबत वा नंतर घेतल्यास पोटाचा त्रास कमी होतो. ती अनेक वर्षे चालू असेल तर ब १२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. पायांना येणारी प्रत्येक मुंगी साखरेचीच असते असे नाही. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. उलट्या होत असतील, ताप असेल, अन्न जात नसेल तेव्हा या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे, कारण अशा वेळी साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो.

इन्सुलिनचे नाव काढताच घरात शोककळा पसरते. 'आता शेवटची पायरी' असा समज अजून गेलेला नाही. प्रत्यक्षात मधुमेह जुना होत जातो तशी स्वादुपिंडाची क्षमता घटत जाते, आणि जे शरीर बनवू शकत नाही ते बाहेरून देणे एवढाच त्याचा अर्थ. जे घेतात त्यांनी एकच गोष्ट आज तपासून पाहावी : पोटावर नेहमी टोचतो त्या जागी बोट फिरवून गाठ लागते का. त्याच त्या जागी टोचल्याने चरबीची गाठ बनते आणि तिच्यातून इन्सुलिन कधी कमी, कधी अचानक अधिक शोषले जाते. साखरेच्या न उलगडणाऱ्या चढउतारांचे हे एक अगदी साधे कारण आहे. जागा रोज दोन बोटे सरकवावी, सुई वरचेवर बदलावी. मात्र वर्षानुवर्षे गाठीत घेतलेला डोस नव्या जागी अधिक लागू पडतो. म्हणून जागा बदलताना डॉक्टरांना कळवून साखर जरा जास्त वेळा पाहावी. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे. वापरातील पेन सामान्यतः चार आठवडे बाहेर चालते, पण एप्रिल-मेमधील बंद मोटारीत किंवा स्कूटरच्या डिकीत नव्हे.

साखर ७० च्या खाली जाणे हे वाढण्यापेक्षा तातडीचे संकट आहे. हात थरथरणे, घाम, एकाएकी भूक, चिडचिड, गोंधळ ही लक्षणे दिसताच, गिळण्याइतकी शुद्ध असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. चॉकलेट किंवा पेढा देऊ नये; स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. व्होग्लिबोस वा अकार्बोस घेणाऱ्याला मात्र घरची साखर लवकर लागू पडत नाही, कारण ती गोळी साखरेचे विघटनच अडवते. त्याला ग्लुकोज पावडरच द्यावी लागते, म्हणून ती घरात ठेवावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णवाहिका बोलवावी.

इथे फेणीचा उल्लेख अपरिहार्य आहे. मद्य यकृताला नवी साखर बनवू देत नाही. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणारा माणूस रिकाम्या पोटी दोन पेले घेऊन झोपला, तर पहाटे त्याची साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते, आणि घरच्यांना वाटते की उतरली नाही अजून. घेणाऱ्याने न घेणे उत्तम. घेतलीच तर जेवणासोबत, थोडी, आणि घरात कुणाला तरी सांगून.

सर्व सांभाळूनही साखर चढते तेव्हा

पथ्य, चालणे, गोळ्या सारे तेच असताना साखर आठवडाभर अचानक वाढलेली राहिली, तर शरीरात कुठे संसर्ग आहे का ते पाहावे. हिरड्यांचा दाह, लघवीची जळजळ, पायाची जखम ही नेहमीची ठिकाणे. गुडघ्यात किंवा खांद्यात घेतलेले स्टिरॉइडचे इंजेक्शन काही दिवस साखर चढवते. दम्याच्या किंवा त्वचेच्या औषधातही ते असू शकते. रात्री पाच तासांहून कमी झोप, घोरताना श्वास अडकणे यांनीही इन्सुलिनचा प्रभाव घटतो. आणि चवथीच्या दिवसांत नेवऱ्या-पातोळ्यांची साखर दसऱ्यापर्यंत पुरते, हे प्रत्येक घराला माहीत आहे. त्या आठवड्यात जोडीची तपासणी वाढवावी, पातोळी भाताच्या जागी खावी, आणि उरलेला फराळ शेजाऱ्यांकडे लवकर पोचवावा.

औषधांत बदल चालू असेल तोवर एचबीए१सी दर तीन महिन्यांनी आणि स्थिरावल्यावर वर्षातून दोनदा करावी. दृष्टिपटलाची तपासणी, लघवीतील प्रथिने व क्रिॲटिनिन, पायांची संवेदना हे वर्षातून एकदा, साखर कितीही चांगली असली तरी. खासगी खर्च न परवडणाऱ्यांसाठी जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करावी. गुंतागुंत असेल तर तेथूनच बांबोळीला गोमेकॉत पाठवले जाते. जाताना फक्त शेवटचा अहवाल नेऊ नये. पंधरा दिवसांच्या जोडीच्या नोंदींची वही, चालू गोळ्यांची पाकिटे आणि कोणती गोळी प्रत्यक्षात कधी चुकते याचा खरा हिशेब न्यावा. ही वही समोर असली, तर डॉक्टरांना नेमक्या कोणत्या जेवणाची गोळी बदलायची हे ठरवता येते. नसली, तर सगळ्यांचाच डोस वाढतो.